निळ्या खडूचं अक्षर

मास्तरांनी मला माझ्या नावाने कधीच हाक मारली नाही. कोणालाच मारत नसत. आम्ही तिघे शिकाऊ उमेदवार, आणि त्यांच्या लेखी आमची नावं गडब, जोहे आणि वरसे. ज्या गावचा पोरगा, तेच त्याचं नाव. "गडब, कात्री आण. जोहे, हा गणपती नाय, पत्रा हाय. रंग मारून चूक झाकता येत नाय." जोह्याच्या पोराच्या घरी मूर्तींचा कारखाना होता, म्हणून त्याला हा खास आहेर. एकदा वरसे वैतागून म्हणाला, "मास्तर, आईबापांनी नावं ठेवलीत की आमची." तर म्हणाले, "नाव उद्या बदलशील. गाव बदलता येत नाय." ते स्वतः पेणचे. पण त्यांना पेण म्हणायची आमची टाप नव्हती. आम्ही आपले मास्तर म्हणायचो.

रोह्याला एमआयडीसीत आमची शेड होती. मोठ्या कारखान्यांत थंड हवा फिरवायला छताखालून पत्र्याचे चौकोनी बोगदे जातात, त्यांना डक्ट म्हणतात. ते आम्ही बनवायचो. आयटीआय करून एका वर्षासाठी तिथे लागलो होतो. नव्वदीतली गोष्ट. कोकण रेल्वेचं काम रोह्याच्या पुढे जोरात चालू होतं आणि जो तो रेल्वेत चिकटायचं बोलत होता. मला रेल्वे नको होती, ह्याच शेडमध्ये कायम व्हायचं होतं. धाकट्या शेठने बजावून ठेवलं होतं की वर्ष संपलं की तिघांतला एकच ठेवणार. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे मी जे केलं ते का केलं हे कळेल. माफ करा म्हणून सांगत नाही.

मास्तरांचं पहिलं वेड कागद. कुठलाही तुकडा पत्र्यात कापण्याआधी तो कागदात करायचा, म्हणजे करायचाच. जुनी कॅलेंडरं, लग्नपत्रिका, वाण्याच्या पुड्यांचे कागद, काही चालायचं. आखायचं, कापायचं, दुमडायचं, हातात धरून चहूबाजूंनी बघायचं, मग पत्र्याला हात. आम्ही तासभर कागद कापत बसलो की धाकटे शेठ येता-जाता म्हणायचे, "बालवाडी चालू आहे वाटतं." मास्तर वरही बघत नसत. "कागद माफ करतो, पत्रा नाय," एवढंच आम्हाला सांगायचे. ते खरंच होतं. पत्र्याला एकदा चुकीची घडी पडली की कितीही ठोकून सरळ करा, वळ राहतोच. झालेले कागदी तुकडे ते टाकत नसत. एका मोठ्या बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, प्रत्येकावर पेन्सिलीने काम आणि वार लिहून. डबा त्यांच्या कपाटात असायचा.

हे वेड शेडपुरतं असतं तरी चाललं असतं. मास्तर पेणहून एसटीने यायचे, मी गडबला त्याच गाडीत चढायचो. शेजारच्या सीटवर त्यांचा रुमाल टाकलेला. कोणी बसायला आलं की, "गडबला आपला माणूस चढणार हाय." मी बसलो की शाळा सुरू. हाताशी कागद नसला तर तिकीट. एकदा नागोठण्याला तिकीट तपासणारा चढला. मास्तरांनी तळहात पुढे केला. तळहातावर बोटभर लांबीचा, काटकोनात वळलेला डक्ट.

"हे काय आहे?"

"तिकीट."

"सरळ करून दाखवा."

"तुम्ही करा. पण व्हतं तसं परत करून द्यायचं."

तो बिचारा खरंच उलगडायला लागला आणि मग त्याला परत जमेना. अख्खी गाडी हसत होती. मास्तर शांतपणे त्याला सांगत होते, आधी लांब बाजू, मग आखूड. मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. तेव्हा मला लाज वाटायची ती असल्या गोष्टींची.

दुसरं वेड अगरबत्तीचं. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी दोन-तीन अगरबत्त्या कायम. डक्टच्या सांध्यातून हवा गळते का ते धुरावरून कळतं, म्हणून शेडमध्ये त्या लागायच्याच. पण मास्तर कुठेही गेले तरी धूर सोडून बघायचे. लग्नाच्या मांडवात, बँकेत, दवाखान्यात. लोकांना वाटायचं माणूस फारच देवभोळा. आमच्या घरी एका रविवारी जेवायला आले, तर ताट मांडायच्या आधी चुलीपाशी जाऊन अगरबत्ती पेटवून उभे. घरात चुलीचा धूर कोंडायचा आणि आईला बारा महिने खोकला.

आई दारातून बघत होती. तिला कळेना. "मास्तर, तुमच्यात चालते व्हय अगरबत्ती?"

"देवाला नाय लावली, वहिनी. धुराला विचारतोय, बाबा तुला कुठं जायचं हाय."

पुढच्या रविवारी शेडमधल्या कापलेल्या उरल्यासुरल्या पत्र्याचं धुराडं करून घेऊन आले. पेण ते गडब, एसटीच्या टपावर टाकून. दिवसभर कौलांवर चढून स्वतः बसवलं. मला फक्त खालून पाना द्यायला ठेवलं. आईचा खोकला त्या वर्षी निम्म्याने उतरला. तेव्हापासून नवीन भात आलं, कांडपावरून पोहे आले की आईची पहिली पिशवी मास्तरांना. "त्यांच्यात मलिद्याच्या परसादाला पोहेच लागतात गो," ती शेजारणींना कौतुकाने सांगायची.

मास्तर इस्रायली. म्हणजे आपल्याकडचेच मराठी ज्यू. पेण-रोह्याकडे त्यांची पूर्वी पुष्कळ घरं होती. एकेक करत इस्रायलला गेली, मागे मोजकी राहिली. त्यांच्या घरी शुक्रवारी दिवस मावळला की शनिवारी दिवस मावळेपर्यंत चूल पेटत नसे आणि कामाला हात लागत नसे. थोरल्या शेठशी त्यांचं तसं ठरलेलं होतं: शुक्रवारी चारला निघायचं, शनिवारी सुट्टी, बाकीच्या दिवशी जास्त थांबायचं. थोरले शेठ गेले आणि धाकट्यांना ते खुपायला लागलं. "शनिवारी मशीन चालतं, मास्तर चालत नाही," हा त्यांचा आवडता विनोद. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच हसायचो. शिवाय मास्तरांचा चष्मा जाड झाला होता. शेठ अधूनमधून सगळ्यांदेखत म्हणायचे, "डोळे तपासून घ्या मास्तर, वय झालं."

आता खडू. पत्र्याच्या दोन्ही बाजू सारख्याच चकचकीत. कुठली बाजू डक्टच्या आत जाणार हे बघून सांगता येत नाही. आणि उलटी दुमडली तर उजव्या वळणाचा तुकडा डावा होतो. डाव्या पायाची चप्पल उजव्यात घालून चालणार कसं? म्हणून मास्तरांचा नियम होता की कापलेल्या प्रत्येक पत्र्यावर आतल्या बाजूला 'आत' असं लिहायचं. त्यासाठी ते पेणच्या एका शिंप्याकडून निळा खडू आणायचे. अक्षर मोठं, 'आ'चा काना खाली नेऊन डावीकडे वळवलेला, आणि 'त' जवळजवळ झोपलेला. दुपारच्या सुट्टीत आम्ही त्यांची नक्कल करायचो. वरसे त्यांच्यासारखा चालायचा, जोहे त्यांच्यासारखा खोकायचा, आणि मी ते अक्षर काढायचो. हुबेहूब यायचं मला. एकदा मास्तरांनीच ते बघितलं. रागावले नाहीत. "माझ्यापेक्षा बरं काढतोस की," म्हणाले आणि खडू माझ्या हातातून काढून घेतला.

वर्ष संपायला दोन महिने उरले होते. औषधं बनवणाऱ्या एका कारखान्याचं घाईचं काम आलं. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद, तळ सपाट आणि उजवीकडे वळलेले चार तुकडे. त्यांचं मशीन रविवारी एकच दिवस बंद राहणार होतं, त्यातच ते बसवायचे. शुक्रवारी मास्तरांनी आधी कागदी तुकडा केला, त्यावरून आमच्याबरोबर सगळे पत्रे कापले, खुणा केल्या. चारला डबा कपाटात ठेवला, हात धुतले आणि मला म्हणाले, "गडब, उद्या तू दुमडायचंस. खूण दिसली नाय तर पत्रा उलटून बघ. डोकं लावू नको."

मी डोकं लावलं.

शनिवारी सकाळी जोहे आणि मी सोळा पत्र्यांचा गठ्ठा उचलून मशीनपाशी नेला. ठेवताना तो पालथा पडला, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. वरच्या पत्र्यावर खूण नाही. मला वाटलं, घासून पुसली गेली असेल. उलटून बघायला किती वेळ लागतो? पण मला काय, सगळं येत होतं. दुपारी क्रिकेटची मॅच होती, बाहेरच्या टपरीवर टीव्ही लावलेला, तोवर उरकायचं होतं. एकामागून एक सोळाही दुमडले.

जेवण झाल्यावर जोहे आणि वरसे मॅच बघायला पळाले. मी म्हटलं, जोडायला घेतो आणि येतो. पहिला पत्रा उचलून फिरवला. 'आत' बाहेरच्या अंगाला. दुसरा बघितला, तिसरा बघितला. सोळाच्या सोळा उलटे.

तेव्हाही वेळ होता, हे मी स्वतःशी नाकारत नाही. स्टोअरमध्ये पत्रा होता, आखणी येत होती, दोघांना बोलावलं असतं तर रात्रीपर्यंत नवे झाले असते. मी शेठकडे निघालोही होतो. तेवढ्यात शेठच दारात. दुमडलेल्या पत्र्यांची चळत बघून म्हणाले, "झालं पण? वा. म्हणून मी म्हणतो, शनिवारी मास्तर नसले म्हणून काही अडत नाही. हे लक्षात ठेवीन मी."

मी म्हणालो, "झालंच, शेठ."

ते गेले. मी रॉकेलचा बोळा घेतला आणि सोळा ठिकाणचे 'आत' पुसले. मग मास्तरांच्या टेबलाचा खण उघडला, निळा खडू घेतला आणि दुमडलेल्या पत्र्यांच्या आतल्या अंगाला सोळा वेळा लिहिलं. काना डावीकडे वळवून, 'त' झोपवून. एक 'आ' नीट आला नाही तर मी तो पुसून परत काढला. आज मला सगळ्यात जास्त तेच आठवतं. मॅच संपवून दोघे आले तेव्हा माझे दोन तुकडे जोडून झाले होते. उरलेले जोडायला त्यांनी हात लावला.

रविवारी अर्थात एकही बसला नाही. सोमवारी सकाळी चारही तुकडे शेडसमोर येऊन पडले होते आणि शेठ त्यांच्याभोवती फेऱ्या मारत होते. कारखान्याने काम काढून घ्यायची भाषा केली होती. त्यांनी मला पुढे बोलावलं.

"दुमडताना खूण होती का?"

"होती, शेठ."

"कुठल्या बाजूला?"

"ही आत दिसतेय, त्याच," मी म्हणालो.

मास्तर माझ्याबरोबरच नुकतेच आले होते. त्यांनी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि गुडघ्यावर बसून पहिल्या तुकड्यात डोकावले. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, मग चौथ्या. कितीतरी वेळ. उठले आणि सरळ आपल्या कपाटाकडे गेले. कपाट उघडलं, एक हात आत घातला आणि तसेच उभे राहिले. मान वळवून आम्हा तिघांकडे बघितलं. मला वाटलं, दुसरा चष्मा शोधतायत. मग त्यांनी कपाट लावलं आणि रिकाम्या हाताने परत आले.

"अक्षर माझंच हाय," ते म्हणाले. "माझ्या हातून झालं."

"मी किती दिवस सांगतोय, डोळे दाखवा," शेठ म्हणाले. "पोरांना काय शिकवणार तुम्ही आता."

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांना स्टोअरमध्ये बसवलं. खिडकीतून स्क्रू, रिव्हेट आणि पॅकिंगची पट्टी द्यायची, एवढंच काम. पत्र्याला हात नाही.

पण त्याआधी सोमवारची संध्याकाळ. गाडीत शेजारच्या सीटवर रुमाल टाकलेला होता. मी बसलो. नागोठणं जाईपर्यंत ते तिकीट नुसतं हातात धरून होते. मग म्हणाले, "शनिवारी मॅच व्हती ना? कोण जिंकलं?"

त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मी म्हणालो, "मी बघायला नव्हतो गेलो."

"हूं," म्हणाले. "शेडमध्येच व्हतास."

गडब येईपर्यंत वीसेक मिनिटं होती. त्यांनी मला ती अख्खी वीस मिनिटं दिली, आणि मी पायांत ठेवलेल्या डब्याच्या पिशवीकडे बघत बसलो. उतरताना म्हणाले, "आईला विचारलंय म्हणून सांग."

दुसऱ्या दिवसापासून मी पुढची गाडी धरली. उशीर व्हायचा, शेठची बोलणी बसायची, चालेल म्हटलं. नंतर कंडक्टरनेच एकदा सांगितलं की म्हातारा रोज रुमाल टाकतो, गडबला गाडी सुटली की उचलतो. आई शेजारणीला म्हणायची, "मास्तर येत नाय गो आता आपल्याकडं," आणि मग माझ्याकडे बघून विचारायची, "भांडलास का काय?" मी म्हणायचो, त्यांना कामातून वेळ नाही.

तिघांत मला ठेवलं. दोन वर्षांनी नवीन उमेदवारांना शिकवायचं कामही माझ्याकडे आलं. मास्तरांचंच टेबल, मास्तरांचाच कागदाचा नियम. आणि 'आत' का लिहायचं हे समजावताना मी पोरांना एक गोष्ट सांगायला लागलो. इतके हुशार मास्तर, पण एकदा त्यांच्या हातून खूण उलट पडली, चार तुकडे वाया गेले. मोठ्या माणसाचीही चूक होते, म्हणून रोज तपासायचं. गोष्ट छान रंगायची. स्टोअरची खिडकी तिथून दहा पावलांवर होती आणि ती उघडी असायची. मी आवाज कमी करायचो असंही नाही. एकदा गोष्ट संपली आणि खिडकीतून मास्तरांचा आवाज आला, "गडब, तुझ्या पोरांना रिव्हेट किती देऊ?"

मग त्यांचे इस्रायलला जायचे कागद झाले. मुलगी आधीच तिकडे होती, तिने आईबापांना बोलावून घेतलं. पेणच्या घरी मलिदा होता, मला निरोप आला. आईने पोह्यांची पिशवी देऊन मला पुढे ढकललं, नाहीतर गेलो नसतो. घरात बांधाबांध झालेली. मास्तरांनी माझ्या हातात बशी दिली, गोड पोहे, खोबरं, केळ्याचे काप. "मागच्या खेपेचे पोहे तुझ्या आईचेच हायत," म्हणाले.

"खोकला कसा हाय त्यांचा?"

"बरा आहे."

"धुराडं वर्षातून एकदा झाडत जा. काजळी धरते."

मी म्हणालो, "मास्तर, त्या वेळचं मला..."

"गाडी जाईल तुझी," ते म्हणाले, आणि आतून बिस्किटाचा डबा आणून माझ्या हातात दिला. "पोरांना दाखवायला व्हईल. मी कुठं नेऊ एवढा कागद."

डबा मी एसटीतच उघडला. वर लग्नपत्रिकांची केलेली वळणं, कॅलेंडरच्या पानांचे तुकडे, कसली कसली तिकिटं. सगळ्यात तळाला, बाकीच्यांखाली दाबून चपटा झालेला एक तुकडा होता. मी फुंकर मारून उघडला. एका टोकाला रुंद, दुसऱ्याला अरुंद, तळ सपाट, उजवीकडे वळलेला. आतल्या बाजूला 'आत', काना डावीकडे वळवलेला. बाहेर पेन्सिलीने कारखान्याचं काम आणि 'शुक्रवार'.

म्हणजे त्या सोमवारी कपाटात हात घालून ते चष्मा शोधत नव्हते. हा तुकडा त्यांच्या बोटांत होता. तो शेठसमोर ठेवला असता, तर शुक्रवारी खूण बरोबर होती हे आंधळ्यालाही दिसलं असतं, आणि मग शनिवारी ती कोणी फिरवली हे विचारायला उरलो असतो मी एकटा. त्यांनी आमच्याकडे बघितलं आणि तो परत ठेवला. का, ते मला माहीत नाही. माझी एकट्याची जागा जाईल म्हणून, आईच्या खोकल्यासाठी, की मी आपणहून बोलेन असं त्यांना वाटलं होतं. इतकी वर्षं मी ह्यातलं मला सोयीचं असेल ते धरून बसतो. त्यांच्या मुलीचा पत्ता डब्याच्या झाकणात चिकटवलेला होता. मी पत्र लिहिलं नाही.

वाटलं होतं, निदान ती गोष्ट सांगणं तरी बंद करीन. दुसऱ्या दिवशी डबा शेडमध्ये नेला. नवीन पोरं होती, त्यांनी तुकडे हातात घेऊन बघायला सुरुवात केली. शेठ तिथेच उभे होते. म्हणाले, "सांग रे त्यांना ती मास्तरांची गोष्ट." मी सांगितली. नेहमीसारखीच रंगली.

एक गागोद्याकडचा पोरगा होता, हुशार. तो नेमका तोच तुकडा हातात घेऊन उलटसुलट करत होता. म्हणाला, "सर, तेच काम दिसतंय हे. पण ह्याच्यावर तर खूण बरोबर हाय."

शेठ माझ्याकडे बघत होते. मी तुकडा त्याच्या हातातून घेतला.

"कागदावर बरोबर होती," मी म्हणालो. "पत्र्यावर चुकले ते."

पोरांनी माना हलवल्या आणि वहीत लिहून घेतलं.